तुमच्यात हात चांगला असतो

सुजात आणि मैत्री,

परवा तुम्ही दोघांनी मला एक फोटो पाठवलात. नोएडातल्या एका प्रदर्शनाचा. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर कापऱ्या काळ्या रेषा, आणि शेजारी इंग्रजी पाटी. मराठीत सांगायचं तर पाटीवर असं आहे : ‘आजीच्या हातची लोककला. कोड : स्टुडिओ टीम.’ तोच तुमच्या पानावर टाकून खाली तुम्ही लिहिलं होतंत, ‘प्राउड ऑफ अवर फोक आर्टिस्ट आजी’, आणि पुढे पाच-सहा लाल बदाम.

तुमची चूक नाही. जे लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंत. पण त्या पाटीवर ‘आजी’ एवढा एकच शब्द खरा आहे. ती लोककला नाही. ती हाताने काढलेली नाही. कोड कुठल्या टीमने लिहिलेला नाही, मी लिहिला आहे. आणि मला नाव आहे.

मैत्री, तू मागे विचारलं होतंस, आजी, या वयात कोडिंग कशाला शिकतेस? मी म्हटलं होतं, टाइमपास. ते खोटं होतं. आज खरं सांगते. हे मराठीतच लिहावं लागेल, कारण मला जे ऐकवलं गेलं ते मराठीत ऐकवलं गेलं. तुम्हाला अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही यातलं बरंच माहीत नाही.

मी सरकारी खात्यात ट्रेसर होते. इमारतींचे नकाशे इंजिनिअर पेन्सिलीने काढत आणि आम्ही ते अर्धपारदर्शक ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवत असू. रेषा एकसारखी, न थरथरता. माझ्या रेषेला सगळं ऑफिस नावाजायचं. आम्ही तेव्हा दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, ऑफिस बसने अर्ध्या तासावर.

एकदा एका समाजमंदिराचा नकाशा माझ्याकडे आला. त्यात जिना चुकला होता. वर चढणारा माणूस थेट दाराच्या फळीवर आपटला असता. मी घरी वहीत तीन दिवस डोकं घातलं आणि जिना फिरवला. दोन खिडक्या हलवल्या. सगळा आराखडाच सुटसुटीत झाला. आमच्या साहेबांनी तो पाहिला आणि मान डोलावली. “हेच काढा,” म्हणाले. मी तो शाईने काढला.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात ओळी असतात : डिझाइन कोणाचं, ट्रेस कोणी केलं, तपासलं कोणी. माझी जागा दुसऱ्या ओळीत. तीही आद्याक्षरांपुरती. त्या दिवशी मी पहिल्या ओळीत लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

आमचे साहेब मराठी होते, पुण्याचे. हॉलमध्ये आम्ही चौदा जण, बाकी सगळे पंजाबी, बंगाली, मल्याळी. त्यांना माझं आडनाव म्हणजे फक्त एक मराठी आडनाव. त्यातली जात कुणाला वाचता येत नव्हती. वाचता आली ती आपल्याच माणसाला.

दुपारच्या चहानंतर ते माझ्या टेबलाशी आले. हातात अर्धं ब्लेड. ट्रेसिंगवरची शाई खोडायची तर ब्लेडनेच खरवडतात.

“बाई, चुकून वरच्या ओळीत लिहिलंत.”

“चुकून नाही सर. जिना मी बदलला.”

“बदललात ना. छान केलंत.” ते वाकले आणि खरवडायला लागले. सावकाश. माझं आडनाव आधी. “तुमच्यात हात चांगला असतो, ते मान्यच आहे. पण डोकं चालवायला आम्ही बसलोय ना इथे? शीट वर जाणार आहे. तिथे हे आडनाव बघून लोक काय म्हणतील?”

आवाज अगदी गोड. घरातल्या लेकीशी बोलावं तसा.

मग म्हणाले, “आता नखाने घासून घ्या बरं. शाई पसरायला नको.”

खरवडलेला कागद खडबडीत होतो. त्यावर पुन्हा लिहिलं तर शाई फुटते, म्हणून तो नखाने घासून गुळगुळीत करायचा असतो. मी घासला. माझं नाव जिथे होतं तिथे, माझ्याच नखाने. मग त्या जागेवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

शेजारच्या टेबलावरची पंजाबी मैत्रीण कुजबुजली, “क्या कह रहे थे साहब?”

मी म्हटलं, “तारीफ़ कर रहे थे।”

मुलांनो, त्यांनी जे केलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त जाळतं. तारीफ़ कर रहे थे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझे वडील फौजेत हवालदार होते, दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या शाळेत मी दर वर्षी पहिली यायची. तक्रारअर्ज इंग्रजीत कसा लिहायचा ते मला हॉलमधल्या कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं. लिहिला नाही. तुमच्या बाबाला तेव्हा ताप होता, मी रजा मागणार होते, रजा साहेबच देणार होते. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

घरी तुमच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आडनावच बदलू.” गावाच्या नावाला ‘कर’ जोडून त्यांनी नवं आडनाव केलं, कोर्टात प्रतिज्ञापत्र केलं, पेपरात जाहिरात दिली. मीही सही केली. तुम्ही दोघं आज जे आडनाव लावता ते असं आलं. ते आपल्या गावाबद्दलच्या प्रेमाने आलेलं नाही. भीतीने आलं. तुमचा बाबा शाळेत त्याच नावाने गेला, आणि आम्ही त्याला मागचं काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी नोकरीभर ट्रेसच्या ओळीत आद्याक्षरं लिहिली. हात चांगला असतो म्हणाले होते, म्हणून हातच सांभाळला. आजोबा गेले, मी नोएडात फ्लॅटमध्ये आले, आणि एक दिवस चहाचा कप बशीत खडखडायला लागला. हात कापत होता. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, औषधाने थोडं कमी होईल. झालं नाही. मी पट्टी घेऊन साधी रेघ ओढून पाहिली. नागमोडी आली. मला दिलेलं होतं तेवढं एक, तेही गेलं. त्या दिवशी मी काहीच केलं नाही. पट्टी कपाटात ठेवली आणि दूध आणायला गेले.

कोडने चित्र काढायचा वर्ग जवळच्या सेक्टरमध्ये होता. एका डिझाइन स्टुडिओत, रविवारी सकाळी. सोसायटीच्या सूचना फलकावर कागद लागला होता. मी गेले तर गार्ड म्हणाला, “आंटी, बच्चा अंदर है? बैठ जाइए।” मी म्हटलं, “बच्चा मैं ही हूँ।”

शिकवणारी तान्या चोवीस वर्षांची. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं, तुम्ही इथे का आलात? औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करणारा एक मुलगा म्हणाला, “एक ही डिब्बा सौ बार बना-बना के पक गया हूँ। अब मशीन बनाए, मैं देखूँ।” साड्यांचे छाप काढणारी शबनम म्हणाली, “हाथ से बनाऊँ तो पता होता है क्या बनेगा। इसमें नहीं पता। मज़ा आता है।” माझी पाळी आली. मी म्हटलं, टाइमपास. सगळे हसले. पुन्हा तेच. खरं उत्तर जिभेवर होतं आणि बोलता आलं नाही.

खरं उत्तर असं. कोडमध्ये हात नसतो. तुम्ही फक्त सांगायचं : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, अशा शंभर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी तिरकी. मग रेषा येते. कापऱ्या बोटाने एकेक अक्षर दाबलं, दहा वेळा चुकलं, तरी रेषा सरळ येते, कारण ती बोटातून येत नाही. डोक्यातून येते. ज्या कामाला ‘हात चांगला आहे’ असं म्हणताच येणार नाही, असं काम मला हवं होतं. म्हणून मी कोड शिकले. लोक आपापल्या कारणांनी शिकतात. कुणाला कंटाळा घालवायचा असतो, कुणाला गंमत हवी असते. माझं कारण हे होतं.

चार महिन्यांनी मी आपल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरचा नकाशा आठवणीने कोडमध्ये लिहिला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची बाल्कनी. मग प्रत्येक भिंतीच्या रेषेला कंप दिला. किती कापायचं ते मी आकड्याने ठरवलं. सुरुवातीला भिंती स्थिर असतात, मग हळूहळू कापायला लागतात, शेवटी घर ओळखू येत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी वेगळं कापतं. तान्या पाहत राहिली. “आंटी, ये तो बिल्कुल अलग है,” म्हणाली.

स्टुडिओचा मालक मराठी निघाला. पस्तिशीचा, दिल्लीतच वाढलेला, हसतमुख. मला काकू म्हणायचा. माझं चित्र प्रदर्शनात लावू म्हणाला. मला खूप आनंद झाला, तो लपवत नाही. मी कोड त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिला.

मग एकदा चहा पिताना त्याने विचारलं, “काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“जन्म इथलाच. वडील फौजेत होते.”

“नाही, म्हणजे मूळ. आडनाव पहिल्यापासून हेच?”

हा प्रश्न कुठे जातो ते मला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत मी शंभर वेळा तो चुकवला होता. त्या दिवशी खरं सांगितलं. जुनं आडनाव उच्चारलं आणि म्हटलं, पाटीवर तेच लिही.

“अच्छा,” तो म्हणाला. मग जरा थांबून, हळू, “अच्छा, अच्छा. तरीच म्हटलं! तुमच्यात ना काकू, कला रक्तातच असते. आम्ही कितीही कोर्स केले ना यार, तो हात नाही येत.”

तो मनापासून बोलत होता. हे लक्षात ठेवा. त्याला वाटत होतं, तो माझं कौतुक करतोय.

प्रदर्शनाच्या दिवशी मी पांढरी साडी नेसून, मेट्रोने, वेळेआधी पंधरा मिनिटं पोचले. पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग त्याला बोलावलं.

“हे हाताने काढलेलं नाही.”

“माहितीये ना काकू. पण लोकांना गोष्ट लागते. कोड तर सगळेच लिहितात, आजीचा हात कुणाकडे आहे?”

“कोड टीमने लिहिला का?”

“अरे, तान्याने शिकवलं, म्हणजे टीमच झाली ना. चलो, तुम्ही समोसा घ्या.”

“आणि नाव?”

त्याने आवाज खाली आणला. “काकू, ते आडनाव टाकलं की उगाच पॉलिटिकल होतं सगळं. आजी कसं, गोड वाटतं.”

मी म्हटलं, “पाटी काढ. नाहीतर चित्र काढ.”

तो हसला. मी भिंतीपाशी गेले आणि स्क्रीनची पिन ओढली. माझा हात एवढा कापत होता की ती तिसऱ्यांदा निघाली. स्क्रीन काळा झाला. हॉलमधले लोक वळून बघायला लागले. मी हिंदीत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “ये मेरा काम है। इस पर मेरा नाम नहीं है। बिना नाम के नहीं चलेगा।”

कुणीतरी म्हणालं, “आंटी की तबीयत ठीक नहीं लगती।” गार्डने माझ्यासाठी खुर्ची आणली. तान्या माझ्याकडे बघत होती आणि मालकाकडे बघत होती, बोलली नाही. ती नोकरीत आहे. मला राग आला नाही. ती जिथे उभी होती ती जागा माझ्या ओळखीची होती. मालकाने पिन पुन्हा लावली. घर पुन्हा कापायला लागलं. फाइल त्यांच्याकडे होती. मी खुर्चीवर बसून पाहिलं, आणि मग उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीत पत्र लिहिलं, मुद्देसूद, एका पानाचं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. उत्तर नाही. तुमच्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, “आई, एक पाटी आहे गं. जाऊ दे ना.” वकिलाने विचारलं, लेखी काही आहे का? नव्हतं. प्रदर्शन पुढे गुरुग्रामला जाणार आहे, असं शबनमने कळवलं. पाटी तीच असेल. मला ते थांबवता येणार नाही.

पण ‘तारीफ़ कर रहे थे’ असं मी यापुढे कुणालाही सांगणार नाही. तुम्हालाही नाही. म्हणून हे पत्र. तो फोटो तुमच्या पानावरून काढा, किंवा त्याखाली खरं लिहा. तुमचं आडनाव तुमचं आहे, ते ठेवा की बदला, मी काही म्हणणार नाही. मी माझं परत घेतलं आहे. कागदोपत्री नाही, त्यासाठी आता या वयात फेऱ्या मारणं जमणार नाही. पण मी केलेलं कुठलंही काम त्या नावाशिवाय आता कुणाच्या हाती देणार नाही. मग ते भिंतीवर लागो वा न लागो.

माझ्या लॅपटॉपवर सदतीस प्रोग्राम आहेत. सगळे मी लिहिलेले आहेत. सगळे चालतात.