साफ आलेली कणीक

आष्टीच्या झुंबरबाईला कुत्र्याचं विष उतरवता येतं, हे परतूर तालुक्यात इतकं पक्कं होतं की लोक सरकारी हुकुमाबद्दल शंका काढत, झुंबरबाईबद्दल नाही. कुत्रं चावलेला माणूस आला की ती त्याला ओसरीतल्या काळ्या घोंगडीवर उघडा बसवी, कणकेचा गोळा त्याच्या जखमेवरून, पाठीपोटावरून घोळवी आणि चारचौघांदेखत फोडी. आत केस निघत. कधी दोन, कधी पाच. चावलेल्या कुत्र्याचेच ते केस, म्हणजे विष बाहेर आलं. मग चाळीस दिवस तेल नाही, वांगं नाही, विहिरीत डोकावायचं नाही.

चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात, नुसती चिडलेली असतात. त्यामुळे बहुतेक माणसं जगत आणि बाजारच्या दिवशी झुंबरबाईला खण नाहीतर कोंबडी आणून देत. जी मेली ती काही सांगायला येत नव्हती. त्यांच्या घरचं कोणी आलंच तर बाई एवढंच विचारी, "वांगं खाल्लं व्हतं का?" चाळीस दिवस वांगं न खाल्लेला माणूस या मुलखात कुठून आणायचा? घरचे आठवून आठवून कबूल होत आणि रडत रडत तिच्याच पाया पडत.

ती लबाड नव्हती. लबाड असती तर बरं झालं असतं. लबाडाला निदान पोटच्या पोराच्या वेळी तरी खरं काय ते कळतं.

एकोणीसशे एकोणचाळीस साली शाळेवर दीनानाथ मास्तर आले. त्यांना वाटलं, या बाईला आपण एका सकाळी शहाणी करून सोडू. भरल्या ओसरीत ते घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "मला जन्मात कुत्रं चावलेलं नाही. फिरवा गोळा." बाईनं फिरवला, फोडला. तीन काळे केस. लोक खो खो हसले. मग मास्तरांनी घोंगडी बाजूला फेकली, झाडलेल्या भुईवर बसले आणि दुसरा गोळा फिरवायला लावला. एकही केस नाही.

"केस घोंगडीचे आहेत, झुंबरबाई. कुत्र्याचा काही संबंध नाही."

झुंबरबाईनं घोंगडीकडं पाहिलं, हातातल्या कणकेकडं पाहिलं, आणि घटकाभर तिला मास्तरचं म्हणणं खरं वाटलंसुद्धा. ती घटका तिला सोसवली नाही.

"ल्हानपणी चाटलं असंल तुमाला कुत्र्यानं," ती म्हणाली. "पहिल्या डावात व्हतं तेवढं इख निघालं. दुसऱ्या डावाला अंगच साफ, मंग केस कुठून येतील? कणीक खोटं बोलत न्हाई, हे तुमीच दाखवून दिलं, मास्तर."

लोकांनी माना डोलावल्या. मास्तर घाम पुसत घरी गेले. त्या दिवसापासून बाईकडं दोन उत्तरं झाली. केस आले तर विष निघालं. नाही आले तर विष नव्हतंच.

पुढच्याच वर्षी माघात, ज्वारीच्या खळ्यावर, लाळ गाळत आलेल्या एका कुत्र्यानं तिच्या एकुलत्या एका पोराला, पुंजारामाला, मनगटाला फोडलं. जाता जाता त्यानं वासरालाही तोडलं. सून गोजरबाई धावत घरी गेली आणि कणीक मळून घेऊन आली. पोरगा तिथंच सारवलेल्या खळ्यावर बसला. बाईनं गोळा घोळवला, फोडला. साफ. तिच्या जिवात जीव आला. "कोरडाच दात लागलाय. ऊठ, रास भर."

दिवस मावळायच्या आत मास्तर दारात. "परतूरहून गाडी आहे. हैदराबादला पोटात सुया देतात, त्यानं माणूस वाचतो. मी बरोबर येतो, पण जल्दी करा."

पुंजारामानं फेटा हातात घेतला. "माय, जाऊन येऊ का?"

"जा की," झुंबरबाई म्हणाली. "माझा पोरगाच सुया टोचून घ्यायला गेला म्हंजे मंग उद्या माझ्या दारात कोण येतंय? आन् कणीक साफ आल्ती, डोळ्यानं पाह्यली न्हाई का तू?"

त्यानं फेटा खुंटीला लावला. आईवर त्याचा विश्वास होता, दुसरं काय!

विसाव्या दिवशी वासरू तोंडाला फेस येऊन मेलं. "ज्वारीच्या खोडाचे इखारी कोंब खाल्ले त्यानं," बाईनं सांगून टाकलं. मास्तर पुन्हा आले तर तिनं त्यांना अंगणातही येऊ दिलं नाही.

दीड महिना उलटला आणि पुंजारामाच्या मनगटाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी तांब्या तोंडाशी नेताच त्याचा घसा आवळला, डोळे बाहेर आले. शुद्ध मात्र शाबूत होती. तेच या दुखण्यातलं सगळ्यात वाईट. ओसरीत घोंगडीवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "माय, पुन्यांदा फिरव की."

बाईनं गोळा फिरवला. पाठ लोकांकडं करून फोडला. चार केस.

मास्तर खरा असेल तर खळ्यावरच्या साफ कणकेला काही अर्थ नव्हता. ती स्वतः खरी असेल तर पोराच्या अंगात विष होतं आणि खळ्यावर तिच्या हाताला ते दिसलं नव्हतं. दोन्हीकडून पोरगा तिनंच मारला होता. हे तिला लख्ख कळलं. तिनं कणीक मुठीत दाबली आणि चुलीत टाकली.

"साफ हाय."

"मंग हे काय व्हऊन राह्यलं मला?"

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. समोर गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"करणी हाय," झुंबरबाई म्हणाली. "घरातल्याच मानसानं केलीया."

मग करणी उतरवायला चौघांनी पुंजारामाला दाबून धरलं आणि विळा तापवून त्याच्या मानेवर तीन डाग दिले. तो ओरडला तो बायकोचं नाव घेऊन. लोकांना तेवढाच पुरावा बस झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तहानलेलाच मेला.

तेराव्यानंतर गोजरबाईचा बाप गाडी जुंपून आला. गावातली एकही बाई तिच्याशी बोलत नव्हती, पाणवठ्यावर तिला बाजूला उभी करत. गाडीत बसण्याआधी तिनं सासूचे पाय धरले.

"आत्याबाई, खरं सांगा. कणीक म्याच मळली व्हती. माझ्या हातानं काही उलटं झालं का? मला काही कळलं न्हाई वो, पन माझ्यानंच झालं का?"

खरं काय ते ठाऊक असलेलं तिथं दुसरं कोणीही नव्हतं.

"तुझ्यानंच," झुंबरबाई म्हणाली.

गोजरबाईनं मान हलवली. तिला ते पटलं. पुढं माहेरी कोणाच्याही घरी ती कधी कणकेला हात लावायची नाही.