दुसरा नंबर

आमच्या ऑर्केस्ट्रात हॉर्न वाजवणाऱ्याला सगळेच मामा म्हणायचे. खरं तर तो मामा एकटीचाच, शेजारच्या खुर्चीवर दुसरा हॉर्न वाजवणाऱ्या भाचीचा. पण ती भर सरावात "मामा, पान उलट ना" म्हणायची, आणि रोज रोज ते कानावर पडल्यावर दुसरं काय होणार! एकदा तर कंडक्टरसाहेबही "मामा, जरा हळू" म्हणून गेले आणि मग स्वतःच लाजले.

मी नगारे वाजवतो. माझी जागा त्या दोघांच्या पाठीमागे, त्यामुळे मामाला मी चेहऱ्यापेक्षा मानेवरूनच जास्त ओळखतो. नगारेवाल्याचा जन्म म्हणजे तासभर गप्प बसायचं आणि दोनदा धडाम् करायचं. उरलेल्या वेळात माणसं न्याहाळायची. मामा सूर लावायच्या आधी नाकातून मोठा श्वास ओढायचा, शेवटाला किंचित कण्हल्यासारखा. सगळे पितळी वाद्यवाले त्या श्वासावर वाद्य उचलायचे. कंडक्टरसाहेबांच्या छडीकडे बघतोय कोण!

हाच मामा आमच्या युनियनचा सेक्रेटरी. पूर्वी आमच्याकडे नवा वादक घ्यायचा म्हणजे कुणाचा तरी मेहुणा नाहीतर शेजारी यायचा. मामाने व्यवस्थापनाशी भांडून करारात पडदा घालून घेतला. परीक्षा जाड पडद्यामागे, पायाखाली गालिचा, म्हणजे बुटांचा आवाजही नको. वाजवणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. नावाऐवजी नुसता नंबर. "डोळ्यांना सुट्टी, कानांना काम," असं तो म्हणायचा. वशिल्याची खोड मोडली ती मोडलीच. मला स्वतःला हा माणूस जरा अतीच सरळ वाटायचा. सरळ झाडं आधी तोडतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग संप झाला. व्यवस्थापनाला खुर्च्या कमी करायच्या होत्या. आम्ही हॉलच्या फाटकाबाहेर थंडीत उभं राहून वाजवलं, ओठ फुटेपर्यंत. सुरुवातीला बस ड्रायव्हरांची युनियन आली, छापखान्यातले कामगार चहाची किटली घेऊन आले. भाषणं झाली, गळाभेटी झाल्या. पुढे ड्रायव्हरांचा समझोता झाला, छापखान्याला टाळं लागलं, आणि आमचेच व्हायोलिनवाले मागच्या दाराने मॅनेजरला भेटायला लागले. घरचेच फितूर झाल्यावर किल्ला कुठवर लढवायचा? मामाने समझोत्यावर सही केली. जे राहतील त्यांचा पगार शाबूत. हॉर्न मात्र एकच. कोण राहणार ते पडद्यामागे ठरणार, आणि रिकामी झालेली खुर्ची पुन्हा कधीच भरणार नाही, अगदी राहिलेल्याने राजीनामा दिला तरीही.

म्हणजे मामा विरुद्ध भाची. दुसरं कुणी नाहीच.

सही करून आल्यावर तो मला वाद्यांच्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं, आणि माझ्या नगाऱ्यांच्या खोक्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

"ती तरुण आहे रे. मी बाजूला व्हायला हवं, नाही का?"

"मग हो ना," मी म्हणालो. माझं तोंड असंच आहे.

"नाही होता येत. सकाळी उठून जायला मला दुसरी जागाच नाही. लाज वाटते सांगायला, पण मला ती खुर्ची हवीय. पोरीच्या हातातून काढून घ्यावी लागली तरी हवीय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

भाचीने माघार घेते म्हटलं, तर मामा तिच्यावर खेकसला. "मुद्दाम खराब वाजवलंस ना, तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही!"

आणि मग याने काय आरंभलं, तर स्वतःचा श्वास बदलायला घेतला. परीक्षक तिघे, ट्रम्पेटवाला, चेलोवाला आणि बासरीवाल्या बाई. तिघेही जुने सोबती. त्याचा श्वास ऐकताच ओळखणार. "मग पडदा लावला कशाला?" तो म्हणायचा. घरी कपाटाचं दार उघडून कोटांमध्ये हॉर्नचं तोंड खुपसून वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. नाकाने नाही, तोंडाच्या कडेने, आवाज न करता श्वास घ्यायचा. मामी मला म्हणाली, "या घरात आता श्वास घ्यायचीही चोरी झालीय, भाऊजी." म्हणाली हसत, पण डोळे भरलेले होते.

परीक्षेच्या दिवशी नंबरांच्या चिठ्ठ्या उचलल्या आणि दोघं वेगवेगळ्या खोल्यांत गेले. मी हॉलच्या दाराशी बाकावर बसलो होतो. पहिला नंबर वाजायला लागला आणि मला काही ते सोसेना. जिना उतरून सरळ रस्त्यावर गेलो.

परतलो तेव्हा निकाल लागला होता. पहिला नंबर. मॅनेजरने नाव वाचलं, भाचीचं. तिघा परीक्षकांचे चेहरे असे उतरले, की मला वाटलं कुणी गेलं की काय.

मॅनेजर गेल्यावर आम्ही सगळे वाद्यांच्या खोलीत जमलो. भाची कोपऱ्यात मुसमुसत होती. मामा हॉर्नमधलं पाणी काढत होता, शांतपणे. ट्रम्पेटवाल्याला राहवलं नाही.

"मामा, आम्ही तुलाच दिलं होतं रे! तिला काय, कुठेही काम मिळेल. तिघांनी आधीच ठरवलं होतं. पहिल्या नंबरने श्वास घेतला, तो तुझाच श्वास!"

"मी?" भाचीने डोळे पुसत विचारलं. "मी असा श्वास घेते?"

कुणाला ठाऊक असणार! लहानपणापासून ती त्याच्या मांडीला मांडी लावून शिकली. दोघांनी नेहमी एकदमच श्वास घेतला, आम्हाला तो एकच ऐकू आला. अगदी मलासुद्धा, मागेच बसणाऱ्याला.

"तक्रार कर," चेलोवाला म्हणाला. "आम्ही कबूल करतो. नोकरी गेली तर गेली."

"तुम्ही तिघे जाल, परीक्षा रद्द होईल, आणि व्यवस्थापन ही एक खुर्चीही ठेवणार नाही," मामा म्हणाला. "सोडा तो विषय." त्याने हॉर्न मांडीवर ठेवला. "मला एवढंच सांगा, दुसरा नंबर कसा वाजला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चांगला," ट्रम्पेटवाला म्हणाला. "चांगलाच होता की."

"तो मधला चढ? मी सबंध एका दमात घेतला. वरचा सूर जराही न हलवता. आयुष्यात कधी जमला नव्हता रे मला, आज जमला." तो अगदी उजळून बोलत होता, बघवत नव्हतं. "बाई, तुम्हाला तर कळलाच असेल?"

बाईंनी पदराने तोंड झाकलं. "मामा, पहिला नंबर झाला, आम्ही कागदावर खूण केली, आणि मग... आम्ही ऐकलंच नाही हो."

मामाने चेलोवाल्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. तो वाजवत होता तेव्हा भाची तर दुसऱ्या खोलीत दार लावून बसलेली होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कुणीच नाही?" त्याने विचारलं.