आरशातली मुलाखत

कानात ऐकण्याचं मशीन बसवायच्या ऑपरेशनआधी पेशंटचं मन तपासणाऱ्या डॉक्टरांनी पाचव्याच मिनिटाला फाइलवर टपोऱ्या अक्षरांत लिहून टाकलं: ‘पाठ फिरवून बसतो. सहकार्य नाही. ऑपरेशन पुढे ढकलावं.’ लिहिलं ते लिहिलं, वर फाइल उघडीच ठेवली. पेशंटच्या बायकोने ती वाचली आणि डॉक्टरांवर तोफच डागली.

“पाठ फिरवली? अहो, न्हावी आहेत ते! नऊ वर्षं ठार बहिरे. गिऱ्हाइकाचे ओठ आरशात बघून वाचतात. तुमच्या बेसिनवर आरसा दिसला म्हणून खुर्ची वळवली, तर तुम्ही निकालच लावून मोकळे!”

डॉक्टरांनी मान वर केली. आरशातून दोन डोळे त्यांच्याकडे असे बघत होते, की त्या माणसाच्या हातात वस्तरा नाही याचं त्यांना बरं वाटलं.

तापात कान गेले तरी न्हाव्याने दुकान चालवलं होतं. पण गेल्या महिन्यात मान खाली घातलेलं एक गिऱ्हाईक “थांबा” म्हणालं. खाली घातलेलं तोंड आरशात दिसणार कसं? कात्री थांबली नाही, कानाची पाळी कापली गेली. बातमी गल्लीभर झाली आणि खुर्ची रिकामी पडली. आता दुकान वाचवायचं तर ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशनला डॉक्टरांची सही.

डॉक्टर न्हाव्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आरशाला म्हणाले, “चुकलं माझं.”

“डावीकडे सरका. आणि पेन तोंडातून काढा. ओठ दिसत नाहीत.”

पेन निघालं.

“ऑपरेशननंतर सगळं पूर्वीसारखं ऐकू येईल, असं वाटतं?”

“मशीन आहे ते. कानांना शिकवायला महिने जाणार. कात्री तरी एका दिवसात कुठे बसली होती हातात?”

बायकोने आरशात तोंड घातलं. “अहो, जरा गोडीने बोला ना! सही व्हायचीय.”

“मी नीटच बोलतोय. त्यांना नीट लिहायला सांग.”

डॉक्टरांनी मघाचा शेरा खोडला. आता एकच प्रश्न उरला होता, सही अडली होती ती त्याच्यावर.

“सुरुवातीला माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे येतील. माझाही तसाच येईल. चालेल?”

“तुमच्याकडून गोड काही ऐकायला मिळेल, अशी मला आशाच नाही.”