दर्भाचा कावळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. सकाळपासून तीनदा टाक दौतीत बुडवला आणि तीनदा तो तसाच वाळला.

आधी मी कोण ते सांगतो. कोल्हारच्या शाळेत मी मास्तर आहे. माझे वडील प्रवरेच्या घाटावर दहाव्याचं क्रियाकर्म करत, आणि लहानपणी मी त्यांच्यामागे पळी-पंचपात्र घेऊन हिंडलो. मोठ्यांच्या रडण्याकडे सगळ्यांचं लक्ष असे. पोरं एका बाजूला बसलेली — त्यांना सांगितलेलं असे, बाबा गावाला गेलेत. मला ते तेव्हाही सहन होत नसे. पुढे वडिलांचं काम मी घेतलं नाही, शाळा धरली, आणि लढाईच्या दिवसांत चार माणसं जमवून एक मंडळ काढलं. ज्या घरातल्या पोरांची आई किंवा बाप गेला, तिथं आमची दोन माणसं जात. एक मोठ्यांजवळ बसे, दुसरा पोरांजवळ. पोरं विचारतील ते खरं सांगायचं. दर शनिवारी ही पोरं एकत्र जमत, खेळत, वाटलं तर गेलेल्या माणसाबद्दल बोलत. एवढंच काम. आज ते कर्जत-पारनेरपर्यंत पोचलं आहे आणि तिथं माझं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे — आधी पोराचं ऐका.

हे वाक्य कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी चष्मा पुसायला घेतो. लोकांना वाटतं, मास्तर भारावले.

ठकूचा बाप लढाईवर गेला तो परत आलाच नाही. तार आली तेव्हा घरचे तिला म्हणत होते, रजा मिळाली की येईल. तिला खरं सांगितलं ते मी. आठ वर्षांची पोर. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग त्यांच्या वहाना कुनाला द्यायच्या?" त्या दिवसापासून ती माझी झाली — म्हणजे मी सांगेन तेच खरं, असं तिला वाटू लागलं. वर्षभरात तिची आईही तापानं गेली.

आता घाटावर यायलाच हवं. किती वळसे घालणार?

दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो शिवला नाही तर गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलं असं धरून एकेक जण पुढे होतो आणि शब्द देतो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिंडासमोर, चारचौघांत दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. घरी हजार भांडणं करतील, पण तो शब्द पाळतील. वडिलांच्या हाताखाली मी हे किती वेळा पाहिलं होतं.

ठकूच्या आईच्या दहाव्याला कावळे बाभळीवर बसून होते, खाली येत नव्हते. ठकूचा चुलता भाऊराव पुढे झाला. "वैनी, पोरीचं समदं मी बघतो. काळजी करू नगं." कावळा हलला नाही. चुलत जावांनी सांगून झालं, शेजाऱ्यांनी सांगून झालं. ऊन डोक्यावर आलं. ठकूचा मामा कर्जतहून आला होता. गरीब स्वभावाचा माणूस, हातात पटका धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याला कुणी पुढे बोलावलं नाही.

आणि माझं उपरणं कुणीतरी ओढलं.

"मास्तर," ठकू म्हणाली, "आई म्हनली हुती, मला मामाकडं धाडा, माझी शाळा सोडू देऊ नका. मी बोलले तर काका मारील. तुमी म्हना. तुमचं समदे ऐकत्यात."

तिनं किती नेमका विचार केला होता बघा. नऊ वर्षांची पोर, पण तो शब्द एकदा तिथं बोलला गेला की भाऊरावाला मान तुकवावी लागेल, हे तिनं ओळखलं होतं. मी फक्त मोठ्यानं म्हणायचं होतं. एक वाक्य.

मी भाऊरावाकडे पाहिलं. आमचं मंडळ त्याच्या रिकाम्या खोलीत भरत होतं. गावोगाव जायला बैलगाडी त्याची. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, घरात चार पोरं, आणि त्याला कामाला दोन हात हवे होते — हे मला ठाऊक होतं. पन्नास माणसांत मी त्याच्या तोंडावर हे म्हटलं असतं तर? खोली गेली असती. गाडी गेली असती.

तरी मी उठलो. मी पिंडासमोर हात जोडले आणि म्हणालो, "बाई, तुमच्या मुलीवर आमच्या मंडळाचं लक्ष राहील."

छान वाटलं ऐकायला. एकदोघांनी डोळे टिपले. ठकूनं माझ्याकडे पाहिलं, मग कावळ्याकडे. कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि माणसं जेवायला गेली. मामा त्याच दिवशी कर्जतला परतला.

मी कावळा मानत नाही, असं मी पुढे स्वतःला किती वेळा बजावलं! पण माझ्या मानण्याचा तिथं प्रश्नच कुठे होता? भाऊराव मानत होता. ठकू मानत होती.

ती शाळेत पुन्हा आली नाही. शनिवारी यायचीही बंद झाली. खोलीमागच्या विहिरीवर दोन घागरी घेऊन जाताना दिसे, आणि मी वहीत डोकं घालत असे. लक्ष ठेवलं ते एवढंच.

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. नाही. याहून वाईट पुढे आहे.

मागच्या महिन्यात मोटारीच्या थांब्यावर ती भेटली. लग्न झालेलं, कडेवर तान्हं मूल. तिनंच मला ओळखलं. अजून रोज आईच्या नावानं घास बाहेर ठेवते म्हणाली. "तिचं मनातलं ऱ्हाऊन गेलं ना, मास्तर." मग तिनं विचारलं, "तवा घाटावर मी सांगितलेलं तुमाला ऐकू आलं न्हवतं का?"

पुन्हा एक वाक्य म्हणायचं होतं. या वेळी भाऊराव नव्हता, खोली नव्हती, बघायला कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "नाही गं. नाही ऐकू आलं."

"व्हय," ती म्हणाली, "मी लई हळू बोलले आसंल. भ्याले हुते." आणि वर माझीच समजूत घातली — "जाऊ द्या, मास्तर." मोटार आली, ती चढून बसली.

इतकी वर्षं ती दोष कुणाला द्यावा ते शोधत होती, आणि मी तो तिच्या पदरात टाकून घरी आलो. जेवलोसुद्धा. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

उद्या सकाळच्या मोटारीनं मी तिच्या सासरी जाणार आहे. तिला सांगेन, तिच्या घरच्यांच्या देखत. ती काय म्हणेल, दारात उभं करील की नाही, ते तिच्यावर. रविवारी मंडळाची सभा आहे. अध्यक्ष नेहमीप्रमाणे भाऊराव. तिथं हा कागद मी उभं राहून वाचणार आहे, शेवटच्या ओळीपर्यंत, खड्या आवाजात. खोली जायची तर जाईल. पोरं झाडाखाली बसतील, आणि त्यांच्याजवळ बसायला माझ्यापेक्षा बरं माणूस मिळेल.

ठकू हळू बोलली नव्हती. तिचा शब्दन् शब्द मला ऐकू आला होता.