बांधावरची चाल

आमच्या स्टुडिओत एक नियम होता. ज्याचं काम भिंतीवर लागलंय, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बघायचं, बोलायचं, हवी तेवढी चिरफाड करायची, आणि ज्याचं काम त्यानं हाताची घडी घालून ऐकायचं. याला आम्ही क्रिट म्हणायचो. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला ही शिक्षाच होती. घरी मला आजवर कुणी गप्प करू शकलं नव्हतं, आणि इथे खालापूरजवळच्या त्या डिझाइन कॉलेजात मी दर आठवड्याला ओठ दाबून उभी.

घर आमचं पळसदरीला. बाबा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि उरलेला वेळ शेतात असतात. ॲनिमेशन शिकायचंय म्हटल्यावर ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले. मग म्हणाले, "चित्रं तं बालवाडीतली पोरंबी काढतात. एक वरीस बघू. शेवटाला तुमचं परदर्शन असतं ना, तवा येतो. नाय पटलं तर कर्जतला कॉमर्स." बाबा ओरडून बोलले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले, म्हणजे शब्द पक्का होता. मला मात्र दुसरं काही करायचंच नव्हतं.

त्यात आमचा अभ्यास असा, की घरच्यांना तो अभ्यास वाटतच नाही. बोलणारा चेहरा काढायचा म्हणून मी हातात आरसा घेऊन ओठांचे चंबू करत बसायची. एकदा कोंबडी करायची होती. कोंबडीची मान कशी हलते ते अंगात भिनल्याशिवाय कागदावर येत नाही, म्हणून मी अंगणभर मान पुढंमागं करत फिरले. शेजारची काकू कुंपणाशी येऊन आईला म्हणाली, "पोरीला कुनाची नजर लागली का बघ गं." आईनं त्याच संध्याकाळी मीठमिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. कोंबडीला मार्क चांगले पडले. त्याचं श्रेय आई अजून मिरच्यांना देते.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शनासाठी काम आलं ते चालीचं. मॅडम म्हणाल्या, "घरातल्या कुणाची तरी चाल आणा. तोंड ओळखू आलं नाही तरी चालेल, चाल ओळखू आली पाहिजे." चालीची काही चित्रं काढायची आणि ती पडद्यावर फिरवत ठेवायची, म्हणजे माणूस चालतच राहतो. जितकी चाल सावकाश, तितके कागद जास्त. बाबा घरात सगळ्यांत सावकाश चालतात, तरी मी त्यांनाच निवडलं. मी काही साधीभोळी नव्हते. स्वतःचंच चित्र कोण नापास करील?

मोबाइल घेऊन म्हटलं, "बाबा, जरा चालून दाखवा." ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून बाहेर आले. मग छाती पुढे काढून असे चालले, जणू शाळेत झेंडावंदन आहे. "नेहमीसारखं चाला ना!" मी ओरडले. "नेहमीचंच हाय की गं," ते म्हणाले आणि आणखी ताठ झाले.

शेवटी मी ती फीत पुसली आणि मनातूनच काढायला बसले. लहानपणी मी शेतात त्यांच्या मागे मागे जायची. त्यांच्या टाचा मला तोंडपाठ होत्या. लाइटबॉक्सच्या काचेखालच्या उजेडावर कागदावर कागद ठेवून मी त्यांची गंजी रेखाटली, खांद्यावरचा पंचा रेखाटला, मिशी तर फारच झकास काढली.

क्रिटला माझे बाबा पडद्यावर चालू लागले आणि वर्गात हशा फुटला. "हा दोरीवरून चाललाय का?" "प्यायलाय, पण बायकोपासून लपवतोय!" एका पावलाच्या बरोबर पुढे दुसरं पाऊल, हात अंगापासून जरा लांब धरलेले. मी आतून नुसती उकळत होते, पण नियम म्हणजे नियम. बोलायची पाळी आली तशी मी फिस्कारले, "अरे, बांधावरून चाललेत ते! दोन्ही बाजूला भात आहे!"

"कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

कुठेच नव्हतं. खाली नुसता पांढरा कागद. मी तो बांध इतका गृहीतच धरला होता, की काढायचा असतो हे सुचलंच नाही.

तेवढ्यात माझी मुंबईची मैत्रीण म्हणाली, "पण तूही अशीच चालतेस." मी म्हटलं, दाखव. त्यांनी मला व्हरांड्यात चालायला लावून मोबाइलवर टिपलं. टेंपो जाईल एवढा रुंद व्हरांडा, आणि मी फरशीच्या एकाच रांगेवरून, पावलापुढे पाऊल, हात पसरून चाललेली. आधी मला राग आला. मग सगळ्यांत जास्त मीच हसले.

चालीतली एकही रेघ मी बदलली नाही. खाली फक्त बांध काढला, थोडं गवत काढलं. पुन्हा दाखवल्यावर कुणी हसलं नाही.

प्रदर्शनाला बाबा आले तो इस्त्रीचा शर्ट घालूनच. आई भिंतीवरच्या पोस्टरांपेक्षा खाली पडलेल्या कागदाच्या कपट्यांकडे जास्त बघत होती. बाबा हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहिले. मी बाजूला. प्रदर्शनातही नियम तोच, आधी बघणाऱ्यानं बोलायचं.

"ह्यो पोचत कसा नाय?" बाबांनी विचारलं. मैत्रिणीनं त्यांना चित्रं कशी फिरतात ते सांगितलं, आणि सावकाश चालीला कागद जास्त का लागतात तेही. त्यांनी मान हलवली, पुन्हा बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मिशी लावलीस म्हनून काय झालं? ही तं तू हायस. शेतावर जाताना मी मागं वळून बघायचो ना, पडतेस का म्हनून. अशीच यायचीस, हात पसरून."

"अवो, मिशी कुनाची ते तरी बघा," आई म्हणाली. "तुमची चाल हाय ती."

"मी कुटं असा चालतो?"

मी त्यांच्या टाचा बघत चालायची. ते वळून बघायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. मी पडद्याकडे वळले आणि ती चाल पुन्हा एकदा बघितली.

बाबांनी आपला निकाल काही सांगितला नाही. रिक्षास्टँडकडे निघालो. आई भराभर पुढे गेली. एवढा मोठा रस्ता मोकळा, पण बाबा कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, पावलापुढे पाऊल टाकत चालले होते. त्यांच्या मागे त्याच पट्ट्यावरून मी. कॉमर्सचं काय, ते विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते वळले.

"पुढल्या वर्साला आईला काढ. ती भराभर चालते, कागद कमी लागतील."