पाहुणी हसली कशी

कारखान्यात तिला सगळे मैना म्हणायचे. नाव ठेवलं होतं शिलाईच्या बायकांनी, आणि ते बसलंही चपखल. दुसरा बोलेल ते आपल्या तोंडून बोलायचं, हेच तिचं काम. परदेशात माल विकणाऱ्या कंपन्यांची माणसं कारखाना बघायला आली की त्यांचं इंग्रजी कामगारांना सांगायचं आणि कामगारांचं बोलणं त्यांना. एरवी ती वर ऑफिसात बसून पत्रांना उत्तरं लिहायची. तिथे खिडकी होती, डोक्यावर पंखा होता, आणि दिवस संपला तरी कपड्यांची इस्त्री मोडायची नाही.

माय मरो, मावशी उरो म्हणतात, ते तिच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं होतं. आई गेली तेव्हा मैना नुकती शाळेत जायला लागली होती. मावशीने तिला कडेवर घेतलं ते कॉलेज संपल्यावरच खाली ठेवलं. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा होता, पण असून नसल्यासारखा, आणि पुढे तोही गेला. इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे मावशीने भरले ते याच कारखान्यातल्या मजुरीतून.

मावशी घासकामाला होती. तिथे हवा भरलेले रबरी पाय रांगेने उभे असायचे. त्यांना नवीकोरी जीन्स चढवायची आणि मांडीवर, गुडघ्यावर पॉलिश पेपरने घासत राहायचं, ती वर्षानुवर्षं अंगावर वापरल्यासारखी दिसेपर्यंत. घासताना निळी भुकटी उडायची आणि पापण्यांवर, कानांत, डब्याच्या झाकणावर बसायची. नाक शिंकरलं तर तेही निळं.

"जन्मभर परक्यांच्या मांड्या घासल्या," मावशी म्हणायची, "आणि बदनामीसुद्धा पदरात पडली नाही. पडला तो खोकला." बाकीच्या बायका हसून हसून खोकायच्या आणि खोकून खोकून हसायच्या.

मैनेला नोकरी लागली तीही मावशीने मुकादमाला गळ घातली म्हणून. पहिल्या दिवशी दोघी बरोबर निघाल्या. फाटक दिसायला लागलं तशी मैना म्हणाली, "मावशी, आत गेल्यावर ओळख नको दाखवूस हं. ऑफिसवाल्यांना आवडत नाही तसलं."

असं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

"बरं," मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती जरा लवकरच घराबाहेर पडू लागली, म्हणजे बरोबर चालायचा प्रश्नच नको.

एके दिवशी परदेशातून एक पाहुण्या बाई आल्या. त्यांच्या कंपनीसाठी इथे सगळ्यात जास्त माल निघायचा. सकाळीच सगळ्यांना कोरे मास्क वाटले. विजेचं बिल वाढतं म्हणून एरवी बंद असलेले भिंतीतले मोठे पंखे सुरू झाले, आणि इतक्या दिवसांनी हवा हलल्यावर सगळ्या खात्याचे चेहरे जरा उजळल्यासारखे दिसले. मॅनेजरसाहेबांनी मैनेला बोलावून घेतलं. "कामगार काहीबाही बोलतात," ते म्हणाले. "त्याला जरा वळण देत जा." खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. तशी वेळच आली नाही.

बाई वयस्क होत्या, केस पिकलेले, आवाज मऊ. रुबाब कसला तो नाही. प्रत्येकीसमोर थांबून मान लववायच्या. मावशीपाशी आल्यावर त्या जास्त वेळ थांबल्या. मास्कच्या वर मावशीचे डोळे मिश्कील दिसत असावेत.

"यांना विचार ना," त्या मैनेला म्हणाल्या, "हे काम करताना यांना काय वाटतं?"

मैनेने विचारलं. परक्या बाईला विचारावं तसं, अहो-जाहो करून.

मावशीने मास्क खाली ओढला. "तिला म्हणावं, बाई गं, नवी पँट झिजवूनच न्यायची तर नवी शिवून कशाला घेता? जुन्याची एवढी हौस असेल तर माझ्या घरचं गाठोडं देते, फुकट ने. आणि हेही सांग, की तुमचे गुडघे झिजत नाहीत म्हणून इथे आमच्या छात्या झिजतात. रात्र रात्र खोकते मी. बरगड्या धरून बसते."

ती रागाने बोलत नव्हती. भाजीवालीशी घासाघीस करावी तशा सुरात, हसतखेळत बोलत होती. मॅनेजरसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मैनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

मैना म्हणाली, "त्या म्हणतात, काम कष्टाचं आहे, बारकाईचं आहे. पण आपण घासलेली पँट इतक्या दूरचं कुणीतरी आवडीने घालतं, याचा त्यांना अभिमान वाटतो."

पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हसल्या, मावशीचा निळा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, आणि पुढे गेल्या.

संध्याकाळी मावशी चुलीपाशी होती. मैना हातपाय धुऊन आली तशी मावशीने पाठमोरीच विचारलं, "काय गं, ती पाहुणी हसली कशी?"

"म्हणजे?"

"मी एवढं लागट बोलले. खोकल्याचं सांगितलं. आणि ती हसली, वर माझा हात धरला. त्यांच्यात खोकला शुभ मानतात की काय?"

मैनेने पुन्हा एकदा हात पुसले. मग ती म्हणाली, "मी जरा मवाळ करून सांगितलं."

"किती मवाळ?"

मैनेने सांगितलं. अभिमान हा शब्द तिने इतक्या हळू उच्चारला की मावशीला तो परत विचारावा लागला.

"बरं," मावशी म्हणाली, आणि तिने ताट वाढलं.

चार शिव्या घातल्या असत्या तर मैनेला जेवण गेलं असतं. मावशी मात्र नेहमीसारखी शेजारणीच्या बोक्याच्या करामती सांगत राहिली, मधूनच तोंड फिरवून खोकत राहिली. त्यानंतर मैनेला तो खोकला जास्तच ऐकू येऊ लागला. मोरीत निळसर थुंकी दिसली की ती तांब्याभर पाणी ओतायची, जणू आपलंच काही सांडलं होतं. तिने खोकल्याचं औषध आणलं, चांगल्यातलं. मावशीने लहान मुलासारखं निमूट घेतलं. ऑफिसात कुणी तिच्या इंग्रजीची तारीफ केली की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. शेवटी तिने मनाशी ठरवलं, त्या बाई पुन्हा आल्या की मावशीचा शब्द न शब्द सांगायचा. मग नोकरी गेली तरी बेहत्तर.

बाई पुन्हा आल्या, आणि त्यांनी आपण होऊन मावशीची चौकशी केली. "मागच्या वेळच्या त्या हसऱ्या बाई कुठे आहेत?" पुन्हा मास्क, पुन्हा पंखे, पुन्हा मॅनेजरसाहेब शेजारी. मैनेने विचारलं, "कसं चाललंय तुमचं, असं त्या विचारतायत."

मावशीने मैनेकडे नीट पाहिलं. मग मास्क खाली ओढून म्हणाली, "छान चाललंय म्हणावं. पंखे आहेत, मास्क आहेत. मध्यंतरी जरा खोकला होता, तोही गेला. मी खूश आहे."

मैना तिच्याकडे बघतच राहिली.

"सांगा ना ताई," मावशी म्हणाली. तिने कारखान्यात पाळायचं अंतर अगदी चोख पाळलं होतं. "जसंच्या तसं सांगा."

मैनेने जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.

दुपारी बाईंना त्यांच्या मुक्कामी पोचवायला मैना गाडीत बरोबर होती. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं. फाटक मागे पडलं आणि मैनेच्या तोंडून निघून गेलं, "ती माझी मावशी आहे. तिने मला वाढवलंय." मग तिला थांबता येईना. मागच्या वेळी मावशी खरं काय म्हणाली होती ते सांगितलं, पंख्यांचं सांगितलं, संध्याकाळी परत घेतल्या जाणाऱ्या मास्कचं सांगितलं. ओळख दाखवू नकोस म्हणाल्याचंही सांगितलं, जे सांगायची खरं तर काही गरज नव्हती.

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी त्यांचे डोळे आणि तुझे शब्द जुळत नव्हते. पण तुझे शब्द माझ्या सोयीचे होते."

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"विचारलं असतं तर वर कळवावं लागलं असतं."

मैनेला राग आला, आणि आपल्याला रागवायचा हक्क नाही हेही त्याच क्षणी आठवलं. "ते पंखे रोज चालवायला असं किती लागणार आहे?" ती म्हणाली. "तुमच्या कंपनीने दर थोडासा जरी वाढवला..."

"तर दुकानात पँट महागते. आणि शेजारच्या दुकानात तशीच पँट स्वस्त मिळते. लोक स्वस्त असेल ती उचलतात. मीही उचलते. बागकामासाठी परवा एक घेतली मी. गुडघ्यावर झिजवलेली. बागेत मी कधी गुडघे टेकत नाही, दुखतात."

"म्हणजे तुमचं सगळं सुख आमच्या जिवावर चाललंय, असंच ना?"

"सगळं नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "आमच्याकडेही लोक राबतात गं, त्यांचेही हाल होतात. पण माझ्या घरातली कुठली वस्तू इतकी स्वस्त का आहे, हे शोधायला बसले तर... मी बसत नाही. खरं सांगते तुला. नाही बसत." त्यांचा चेहरा लाल झाला होता. मावशीचा हात धरला तेव्हा दिसल्या होत्या त्यापेक्षा त्या आता कितीतरी म्हाताऱ्या दिसत होत्या. उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "मी हे कळवू का? कळवलं तर पंखे चालवायला लावतील, नाहीतर माल दुसरीकडून घेतील. यातलं काय होईल ते माझ्या हातात नाही. तू सांग."

मैनेला कळत होतं, हा प्रश्न आपण एकटीने सोडवायचा नाही. खाली एवढ्या बायका होत्या, त्यांना विचारायला हवं होतं. पण तिला त्या दिवसापुरतं तरी स्वतःच्या नजरेत वर यायचं होतं. ती म्हणाली, "कळवा."

बाईंनी शब्द पाळला. काही महिन्यांनी घासकाम बंद झालं. कंपनीने जाहीर केलं की कामगारांच्या तब्येतीसाठी असला माल ती आता इथून घेणार नाही, आणि त्याबद्दल तिकडे तिचं कौतुकही झालं. काम एका दुसऱ्या देशात गेलं, इथल्याहून गरीब. मॅनेजरसाहेबांनी हे ऑफिसात सांगितलं ते हवामान सांगावं तसं. तरण्या बायकांना शिलाईत घेतलं. वयाने मोठ्या होत्या त्यांना घरी बसवलं, आणि मावशी त्यांत होती.

त्या संध्याकाळी मैनेने मावशीला सगळं सांगून टाकलं. मावशी ऐकत होती, मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझं खोटं फुकट गेलं म्हण की."

"पण तू खोटं बोललीस कशाला? मी सगळं सांगणार होते त्या दिवशी."

"ते मला काय ठाऊक?" मावशी म्हणाली. "तुझा चेहरा पांढराफटक पडलेला. म्हटलं, मी खरं बोलले तर ह्या पोरीला परत खोटं बोलायला लागणार. त्यापेक्षा आपणच बोलून मोकळं व्हावं. माझी जीभ जुनी आहे, तिला काय होतंय?"

मैना खाली मान घालून रडली. मावशीने तिच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाली, "पुरे आता, भात करपेल."

नंतर एकदा घासकामातली एक बाई घरी आली. तिलाही बसवलं होतं. दाराशी टेकून ती म्हणाली, "कुणीतरी चुगली केली म्हणतात. सापडू दे मेला, अंगाला निळं फासून धिंड काढते."

"कंपन्यांचं काय धरून बसतेस," मावशी म्हणाली. "स्वस्त दिसेल तिकडे पळतात. त्यांना चुगली कशाला लागते?"

आत मैना चहा करत होती. बाहेर जाऊन सांगावं, मीच ती, असं तिच्या मनात आलं. वाक्य ओठांपर्यंत आलंही. मग चहा उतू जायला लागला, तिने तो गाळला, बाहेर नेऊन दिला आणि म्हणाली, "साखर बघा हं, कमी नाही ना?"

"नाही गं बाई, छान झालाय," ती बाई म्हणाली. "तुझी नोकरी तरी टिकली, देवाची कृपा."

आता घर मैनेच्या पगारावर चालतं. कारखान्यात शर्टांचं काम जोरात आहे, पाहुणे येतात, ती सांगायचं ते सांगते. वळण देत नाही शक्यतो. मावशी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सकाळची कामाला जाते. तिचा खोकला पुरता गेला नाही, पण उतरला आहे. रात्री ती सलग झोपते.

परवा निवडायला भाजी घेऊन दोघी बसल्या होत्या. मावशीने मध्येच विचारलं, "तिकडे आता कोण घासत असेल गं?"

"असतील कुणी बायका."

"नव्या असतील," मावशी म्हणाली. "छाती भरायला वर्षं जातात. अजून त्यांना काही कळत नसेल."

मैनेने त्या बायका डोळ्यांपुढे आणून बघितल्या. चेहरे काही दिसेनात. आणि तिला जाणवलं, की ते दिसत नाहीत म्हणून आपल्याला किती हायसं वाटतंय. मावशी इथे शेजारी बसून शांतपणे श्वास घेतेय आणि दुसरं कुणीतरी लांब कुठेतरी खोकणार आहे. गाडीतल्या बाईंचा लाल झालेला चेहरा तिला आता नीट समजला. तिने मान आणखी खाली घातली आणि किडकी पानं बाजूला काढत राहिली.