विहिणीच्या पंगतीत अडकलेला घास

माझ्या पोटाला पट्टा आहे. कमरेचा नव्हे, आतला. जठराच्या वरच्या तोंडाशी डॉक्टरांनी एक गोल पट्टी आवळून बसवली आहे. त्यामुळे वरचा एवढासा कप्पा चार घासांत भरतो आणि माणूस ताटावरून उठतो. कातडीखाली एक बटण आहे. त्यातून सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैलावतो. आज हे सरळ सांगते आहे, पण ऑपरेशननंतर कितीतरी महिने मी, नवरा आणि मुलगा यांच्यापलीकडे हे कोणाला ठाऊक नव्हतं. रावेतच्या आमच्या सोसायटीत, गावाकडे, अगदी सख्ख्या नणंदेलासुद्धा आम्ही पित्ताचे खडे काढले म्हणून सांगितलं होतं.

लपवायचं कारण माझा धंदा. लातूरकडून इकडे आलो तेव्हापासून मी डबे देते. नवरा चाकणच्या कंपनीत, आणि त्याच्या शिफ्टमधली बिनलग्नाची पोरं माझी पहिली गिऱ्हाइकं. ताटात टाकलेलं मला खपत नाही. आमच्या घरीच मेसला बसलेल्या एखाद्याने अर्धी पोळी तशीच ठेवली, तर मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचे. दुसऱ्यांना वाढता वाढता माझंही अंग सुटत गेलं. गुडघे बोलू लागले, साखर वाढली, आणि शेवटी गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला या ऑपरेशनवाल्यांकडे धाडलं. बाईला स्वतःच्या तोंडाला कुलूप घालता येईना म्हणून डॉक्टरांकडून घालून घेतलं, असं लोक म्हणाले असते. ते खरंच होतं, म्हणून तर ऐकायचं नव्हतं.

मला वाटलं होतं, भूक कमी होईल आणि प्रश्न मिटेल. भूक पोटात कमी झाली, डोळ्यांतली तशीच राहिली. घास चावून चावून पातळ केला नाही, तर तो वरच अडकतो. छातीच्या मध्यभागी कोणीतरी अंगठा रोवून उभं राहिल्यासारखं होतं. पाणी पिऊन तो खाली ढकलता येत नाही, पाणीही वरच थांबतं. मग तोंडाला लाळ सुटते, नुसता फेस, आणि थोड्या वेळाने तो घास गेला तसाच्या तसा बाहेर येतो. भात दगा देतो, मऊ पोळी तर हमखास. आयुष्यभर मी माझ्या पोळीच्या मऊपणाची फुशारकी मारली, तीच आता माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आइस्क्रीम उतरायचं. बासुंदी उतरायची. तोंडात विरघळणारी शेव उतरायची. भाकरी-भाजीला बंद असलेलं दार गोडाधोडाला सताड उघडं होतं, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. दुपारी डबे गेले की दार लावून मी आइस्क्रीमचा डबा मांडीवर घ्यायचे. ऑपरेशन करून घेऊनही वजन अडून राहिलं, तेव्हा डॉक्टरांनी काय खाता म्हणून विचारलं. मी ज्वारीची भाकरी आणि वरण सांगितलं. नवरा शेजारीच बसला होता. तो भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघत राहिला.

अशात मुलाचं लग्न ठरलं. मुलगा हिंजवडीला नोकरीला, मुलगी त्याच्याच ऑफिसातली. तिचं माहेर महाळुंग्याचं, जुनं शेतकरी घर. जमिनी कंपन्यांत गेल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, पण रीतभात एक इंचही सोडली नाही. मला फोटोत बारीक दिसायचं होतं. म्हणून लग्नाच्या तोंडावर मी पट्टा आणखी आवळून घेतला. सारखं अडकायला लागलं तर लगेच या, थोडं पाणी काढू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्याच दिवसापासून अडकायला लागलं. लग्न होऊ दे, मग बघू, म्हणून मी ताकावर दिवस काढले. साडीचा ब्लाउज सैल झाला आणि मी आरशासमोर खूश झाले.

लग्न चाकण रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होतं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि माझ्या लक्षात आलं की विहिणीची पंगत मी साफ विसरले होते. नवऱ्या मुलाच्या आईला त्या दिवशी वेगळं बसवतात. चौरंग, रांगोळी, समई, चांदीचं ताट. मुलीकडच्या बायका भोवती उभ्या राहून गाणी म्हणतात, विहिणीला चिडवतात आणि प्रत्येक बाई एकेक घास भरवते. नाही म्हणायची सोय नसते. इतक्या लग्नांत मी स्वतः हे केलेलं. नको नको म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडात लाडू कोंबलेत मी, आणि वरून हसलेही आहे.

ताटात पुरणपोळी होती. बाकीचं जेवण केटररचं, पण ही पोळी खास माझ्यासाठी विहीणबाईंनी, म्हणजे मुलीच्या आईने, पहाटे उठून स्वतः केली होती. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, अव्वल पोळी आहे. कडेपर्यंत पुरण, आणि मऊ तर इतकी की उचलताना झोळ पडावा.

बायका गाऊ लागल्या. विहीण किती खादाड, तिला चूल पुरेना, पातेलं पुरेना, असं ते गाणं. सगळ्याच विहिणींना तेच ऐकवतात, त्यात माझं वैयक्तिक काही नव्हतं. तरी माझे कान तापले. विहीणबाईंनी पहिला घास भरवला. मी चावत राहिले. घास आणखी पातळ करायचा होता, पण तेवढ्यात मुलीची आत्या दुसरा घास घेऊन वाकली.

"तोंड उघडा की विहीणबाई, लाजताय व्हय?"

लाजतच होते. गडबडीत पहिला घास गिळला आणि तो छातीत रुतून बसला. वरून दुसरा आला. तिसरा मुलीच्या काकूचा. तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांत पाणी आलं, आणि फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा, हसा."

मी तोंडावर पदर धरला आणि भरल्या ताटावरून उठले. हात धुतला नाही, कोणाशी बोलले नाही. नवरीच्या खोलीतलं बाथरूम गाठून आतून कडी लावली. भरजरी साडी मांड्यांत आवळून मी ओल्या फरशीवर वाकून उभी होते आणि तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या. घास काही सुटत नव्हता. असल्या वेळी घाई करून चालत नाही, वाट बघावी लागते.

बाहेर आधी हशा झाला. "विहीण रुसली!" कोणीतरी ओरडलं. विहिणीचा रुसवा हासुद्धा लग्नातला खेळच. पण मी बाहेर येईना, तेव्हा हसणं थांबलं. मग माझ्या नणंदेचा आवाज आला. तिला यातलं काही माहीत नव्हतं आणि वहिनीची बाजू घेण्यात ती कधी कमी पडत नाही. "आमच्या वहिनी उगाच उठणाऱ्यातल्या नाहीत," ती ठणकावून म्हणाली. "मानपानात काहीतरी कमी केलं असणार तुम्ही." नवरा तिला गप्प करेल म्हणून मी कान दिला. तो काहीच बोलला नाही. बोलायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि तसं सांगू नका अशी शपथ मीच घातली होती.

शेवटी घास सुटला. तोंड धुऊन मी कडी काढली. दारात विहीणबाई एकट्याच उभ्या होत्या, हात जोडून.

"ताई, काय चुकलं आसंल तर पदरात घ्या. पोळी बिघडली का माजी?"

पोळी बिघडली का, हा प्रश्न रांधणारी बाई कुठल्या तोंडाने विचारते, ते मला ठाऊक आहे. मला राहवलं नाही. त्यांना आत ओढून दार लावलं आणि भराभर सांगून टाकलं. ऑपरेशन, पट्टा, अडकणं, सगळं. त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणाला म्हाईत न्हाई?" मी मान हलवली. "मंग ऱ्हाऊ द्या. बाहेर सांगू नका. रुसवाच म्हनू आपन. रुसवा काढायची साडी आनलेलीच हाय मी."

मी हो म्हणाले. इतकं सोपं वाटलं ते, की नाही म्हणायचं सुचलंच नाही.

बाहेर मला खुर्चीवर बसवलं. विहीणबाईंनी सगळ्या भावकीसमोर माझी ओटी भरली, हिरवी पैठणी मांडीवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "आमचंच चुकलं. मानात कसूर झाली." त्यांच्याच जावा एकमेकींकडे बघत होत्या. कुणीतरी पुटपुटलं, अशी सासू मिळाली पोरीला. मी ऐकलं आणि साडीच्या काठावरचे मोर बघत बसले. नणंद समाधानाने माझ्या मागे उभी होती. मुलगा दूर होता. माझ्याशी नजर मिळताच तो खाली बघायला लागला. त्याला माझ्या पोटाची कधी लाज वाटली नव्हती, त्या क्षणी वाटली असेल तर ती दुसऱ्याच गोष्टीची.

तेवढ्यात गर्दीतून मुलीचे वडील आले. त्यांना त्यांच्या बायकोने काही सांगितलेलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. उंचेपुरे, पांढरी टोपी, नवं धोतर. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या पायाशी ठेवायला वाकले. विहीणबाई त्यांच्या मागून मला मानेनेच नको नको म्हणत होत्या.

मी पाय मागे घेतले. "दादा, उठा," मी म्हणाले. ते उठेनात. मग माझा आवाज नको तितका मोठा झाला. "उठा हो! मी रुसले नाही. मला घास उतरत नाही. बारीक व्हायला पोटाला आतून पट्टा बांधून घेतलाय मी. पोळी अडकली आणि मी आत जाऊन ओकले. तुमच्या घरचं काही चुकलं नाही."

सगळ्यांचे डोळे माझ्या पोटावर आले. "पित्ताचे खडे म्हणाला होतात ना?" नणंद मागून म्हणाली. मागच्या कोपऱ्यात फिस्सकन कोणीतरी हसलं. ज्या हसण्याला मी इतके दिवस भ्यायले होते, ते एवढंसंच होतं, आणि तरी मला जमीन दुभंगावी असं झालं.

व्याह्यांनी टोपी झटकली. त्यांना पट्ट्याचं काही कळलं नसावं, किंवा कळूनही त्यांच्या लेखी ते महत्त्वाचं नसावं. त्यांनी एकच विचारलं.

"मंग पोरीवर राग न्हाई ना तुमचा?"

"नाही हो," मी म्हणाले. "काहीच राग नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, बायकोकडे बघितलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मंग आता आमी दोघं जेवायला बसू का? सकाळधरनं कन्यादानाचा उपास हाय, आन् विहिणीची पंगत उठल्याबिगर आमाला पानावर बसता येत न्हाई."

ही रीत मला पाठ होती. दिवसभर त्यांनी अन्नाला हात लावला नसणार, हे मला पंगतीला बसतानाही माहीत होतं. आयुष्यभर लोकांना जेवू घालणारी बाई मी, आणि ते माझ्याकडे जेवायची परवानगी मागत उभे होते.

"बसा," मी म्हणाले. त्यांना वाढायला मी उठले, पण विहीणबाईंनी मला वाढू दिलं नाही.